वर्दी : गडचिरोलीच्या यादवीतील एक शब्द आणि एक कापड

मराठीत ‘वर्दी’ हा शब्द दोन अर्थांनी नांदतो. आग लागली की अग्निशमन दलाला वर्दी दिली जाते, प्रेत सापडले की पोलीस पाटील ठाण्यात वर्दी देतो. इथे वर्दी म्हणजे खबर. हिंदी-उर्दूच्या शेजारामुळे वर्दी म्हणजे शिपायाचा पोशाख हाही अर्थ रुळला आहे, आणि विदर्भात तर हा शेजार घरातलाच. शुद्ध लिहू पाहणारा पोशाखासाठी ‘गणवेश’ लिहितो. पण गणवेश म्हटले की डोळ्यांपुढे शाळेतले मूल येते, बंदूक घेतलेला माणूस येत नाही. गडचिरोली जिल्ह्यात १९८० नंतरच्या चार दशकांत या दोन अर्थांची अशी काही गाठ पडली, की एकाच्या अंगावरची वर्दी आणि दुसऱ्याने दिलेली (किंवा दिल्याचा नुसता संशय असलेली) वर्दी यांच्यात माणसाच्या जिवाचा प्रश्न उभा राहिला. कोशात शेजारी बसलेले दोन अर्थ जंगलात एकमेकांसमोर आले ते कसे, हे कापडाच्या बाजूने पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

युद्धाच्या इतिहासात पोशाख हा हौशी संग्राहकांचा विषय समजला जातो. बटणे कसली होती, पट्टा कातडी होता की सुती, यात गंभीर अभ्यासक सहसा शिरत नाही. ही उपेक्षा योग्य नाही, आणि अंतर्गत युद्धाच्या बाबतीत तर ती फारच महाग पडते. परक्याशी लढताना शत्रू भाषेवरून, चेहऱ्यामोहऱ्यावरून ओळखता येतो. भावाशी लढताना कापडाखेरीज ओळखीचे दुसरे साधन नसते. अमेरिकेतल्या यादवीचे पहिले मोठे रण, २१ जुलै १८६१ चे बुल रन, या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. दोन्ही बाजूंच्या स्वयंसेवक पलटणी आपापल्या गावाने, राज्याने शिवून दिलेले कपडे घालून आल्या होत्या. उत्तरेची विस्कॉन्सिनची दुसरी पलटण करड्या रंगात होती, म्हणून तिच्यावर स्वकीयांनीच गोळ्या झाडल्या. दक्षिणेची व्हर्जिनियाची तेहतिसावी पलटण निळ्या पोशाखात पुढे सरकली. उत्तरेच्या तोफखान्याला ती आपलीच वाटली, तोफा गप्प राहिल्या, आणि क्षणार्धात तोफा व तोफची दोन्ही गेले. पुढे उत्तरेला निळा आणि दक्षिणेला करडा अशी वाटणी पक्की झाली आणि निदान रंगापुरता घोळ मिटला. गडचिरोलीत झाले ते नेमके उलट. तिथे सुरुवातीला दोन बाजूंचे रंग वेगळे होते आणि काळ जाईल तसे ते एक होत गेले.

‘यादवी’ हा शब्द इथे वापरावा का, असा आक्षेप येईल. सरकारी भाषेत याला ‘डावा कडवा उग्रवाद’ म्हणतात, दुसऱ्या बाजूच्या भाषेत ‘जनयुद्ध’. मला महाभारतातल्या मौसलपर्वाचा शब्द अधिक नेमका वाटतो. तिथे यादवांनी एकमेकांना मारले ते काठावर उगवलेल्या लव्हाळ्याने. शस्त्र बाहेरून आले नाही, हाताशी असलेले गवतच मुसळ झाले. गडचिरोलीत बंदूक आणि विचार बाहेरून आले हे खरे. पण ज्यांच्या हाती ती बंदूक दोन्हीकडून दिली गेली, ते तिथलेच होते.

या मुलखातली ही पहिली यादवी नव्हे. १८५८ मध्ये चांदा जिल्ह्यात मोलमपल्लीचा जमीनदार बाबूराव पुलेश्वर शेडमाके आणि अडपल्ली-घोटचा व्यंकटराव यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. बाबूरावाच्या दलाला लोकपरंपरा ‘जंगोम सेना’ म्हणते. तीत गोंड होते, तसे रोहिलेही होते. जमीनदारीच्या अशा जमावाला एकसारखा पोशाख नसतो. जो तो घरच्या कपड्यात येतो आणि घरचे हत्यार आणतो. गोंडांकडे धनुष्यबाण आणि कुऱ्हाडी, रोहिल्यांकडे तोड्याच्या बंदुका आणि तलवारी, हे त्या काळचे रूढ चित्र. २९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहितेकाठी चिंचगुंडीच्या तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला, त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. इंग्रजांचा डेप्युटी कमिशनर क्रिक्टन याने बाबूरावाला पकडले ते मात्र गोऱ्या पलटणीच्या बळावर नव्हे. अहेरीची जमीनदारीण लक्ष्मीबाई हिच्या माणसांनी त्याला धरले, तो निसटला, आणि सप्टेंबरात पुन्हा सापडला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला त्याला फाशी झाली. व्यंकटरावाच्या जप्त जमीनदारीतली गावे अहेरीला बक्षीस मिळाली.

म्हणजे धरणारे गोंड आणि धरला गेलेला गोंड. कमरेचे वस्त्र एक, हत्यारे तीच. पण तिथे कोण कोणाचा याचा घोळ होण्याचे कारण नव्हते. मोलमपल्लीचा माणूस आणि अहेरीचा माणूस एकमेकांना नावाने, कुळाने, देवाने ओळखत. तू किती देवांचा, चार की पाच, सहा की सात, या एका प्रश्नात गोंडाची सोयरीक ठरते आणि वैरही. ज्या समाजात ओळख अशी आतून ठरते, त्याला वर्दीची गरज नसते. वर्दी अनोळखी माणसांसाठी असते. (जाता जाता : २१ ऑक्टोबर हाच दिवस देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. त्याचे कारण १९५९ मधली लडाखच्या हॉट स्प्रिंग्जची चकमक. बाबूरावाशी त्याचा संबंध नाही. पण चंद्रपूर-गडचिरोलीत त्या दिवशी दोन स्मरणे एका तारखेत येतात खरी.)

कापडाचा प्रश्न या भागात आणखी एका कारणाने निराळा आहे. गोंड-माडिया हे विणकर नव्हेत. चांद्याच्या मुलखात जाडेभरडे कापड विणले ते कोष्ट्यांनी आणि महारांनी. आतल्या जंगलात ते आठवडी बाजारातून, धान्याच्या आणि वनोपजाच्या मोबदल्यात पोचे. शिवलेला कपडा ही तर आणखी पुढची गोष्ट. १९७३ मध्ये बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला तेव्हा भामरागडच्या परिसरातल्या माडियांच्या अंगावर लंगोटीपलीकडे फारसे काही नव्हते. डॉ. प्रकाश आमटे यांनी बनियन आणि अर्धी चड्डी एवढाच आपला पोशाख ठरवला तो त्या लोकांकडे पाहून, हे मराठी वाचकाला चांगले ठाऊक आहे. त्या निर्णयाकडे आपण साधेपणाचा नमुना म्हणून पाहतो. मला त्यात एक फार तीक्ष्ण वाचन दिसते. ज्याच्या अंगावर पूर्ण कपडे तो अधिकारी, रेंजर, ठेकेदार किंवा पोलीस, हे माडियाचे समीकरण त्या डॉक्टरने ओळखले आणि आपल्या अंगावरून ते पुसले. वनरक्षकाची खाकी ही त्या जंगलातली पहिली वर्दी. खाकीचा जन्मही हिंदुस्थानातलाच, १८४६-४७ च्या सुमारास पेशावरकडे लम्सडेनने उभारलेल्या गाइड्स पलटणीत. मातीत मिसळून जावे म्हणून निवडलेला हा रंग. सागाच्या आणि बांबूच्या हिरव्या रानात तो मिसळला नाही, लांबून उठून दिसला. खाकी दिसली की गाव रिकामे होई.

या पार्श्वभूमीवर १९८० साली कोंडापल्ली सीतारामय्या यांच्या पीपल्स वॉर गटाची पहिली दलमे प्राणहिता ओलांडून आली. पाच-सात जणांची ही टोळकी. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला सिरोंचा भागात मोयनबिनपेठा इथे पेद्दी शंकर पोलिसांच्या गोळीने मारला गेला. तेव्हा सिरोंचा चंद्रपूर जिल्ह्यातच होता, गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला झाला. प्रारंभीच्या या तरुणांची ताकद कपड्यात नव्हती. तेंदूपत्त्याच्या पुड्यामागे मिळणारी मजुरी, बांबूतोडीचा दर, रेंजरची बिदागी, या गोष्टींना त्यांनी हात घातला. त्यांना लोक ‘दादा’ म्हणू लागले ते त्यामुळे.

दलम वाढले तशी ऑलिव्ह हिरवी वर्दी आली. २ डिसेंबर २००० ला या सशस्त्र दलाला रीतसर सेनेचे नाव मिळाले. आदल्या वर्षी त्याच तारखेला मारल्या गेलेल्या तीन केंद्रीय नेत्यांच्या स्मरणार्थ ती तारीख निवडली होती. २००४ मधल्या विलीनीकरणानंतर ती ‘जनमुक्ती छापामार सेना’ झाली. या सेनेची उतरंड कपड्यांत आणि हत्यारांत स्पष्ट वाचता येते. सर्वांत वर पूर्णवेळ लढणारे : हिरवी वर्दी, टोपी, दारूगोळ्याचा पट्टा, पाठीवर पिट्टू, हातात पोलिसांकडून हिसकावलेली इन्सास, एस.एल.आर. किंवा ए.के.-४७. मधे स्थानिक दलमे : वर्दी आहे, पण बंदूक बहुधा बारा बोअरची किंवा जुनी थ्री-नॉट-थ्री. सर्वांत खाली गावचे जनमिलिशियावाले : घरचेच कपडे, हातात धनुष्यबाण किंवा भरमार. भरमार म्हणजे नळीतून दारू आणि छर्रे ठासून भरायची, गावठी लोहाराने घडवलेली बंदूक. रानडुकरासाठी ती घरोघर असायची. अलीकडच्या वर्षांत पोलिसांच्या आवाहनावरून गावकऱ्यांनी अशा बंदुका स्वतःहून जमाही केल्या. बाबूरावाच्या रोहिल्यांची तोड्याची बंदूक आणि ही भरमार यांत दीडशे वर्षांचे अंतर आहे, भरण्याची रीत मात्र तीच.

वर्दी शिवली जाई ती जंगलातच. छाप्यांत शिलाई यंत्रे आणि हिरव्या कापडाचे तागे सापडल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचल्या. पिट्टूत काय असे, हे पंचनाम्यांच्या याद्यांवरून कळते : प्लॅस्टिकची चादर, जिला हे लोक झिल्ली म्हणत आणि जी पावसात छप्पर व रात्री अंथरूण होई, टॉर्च, बॅटरीचे सेल, मलेरियाच्या गोळ्या, रेडिओ, वही, सुई-दोरा. गडचिरोलीच्या जंगलात मलेरियाची गोळी काडतुसाइतकीच लागते. ‘नक्षल साहित्य’ असा शब्द या पंचनाम्यांत हमखास येतो, आणि त्यात पुस्तकांपासून भांड्यांपर्यंत सगळे येते. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा श्लेष गमतीचा वाटेल. पंचनामा लिहिणाऱ्या जमादाराला त्यात श्लेष दिसत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत या वर्दीचे महत्त्व आणखी वेगळे. माडिया रूढीत लग्न झालेल्या स्त्रीने पोलके घालू नये असा दंडक होता. दलमांच्या महिला संघटनेने त्याविरुद्ध मोहीम चालवली. शर्ट-पँट घालून, केस बांधून, खांद्यावर बंदूक टाकून गावात येणारी मुलगी ही त्या समाजाने कधी पाहिली नव्हती. तिच्या मागून घर सोडून निघालेल्या मुलींना विचारसरणी किती कळली होती हा वादाचा विषय आहे. पोशाख कळला होता यात वाद नसावा. पुढे पोलीस दलातही स्थानिक मुली भरती झाल्या, त्यांनीही शर्ट-पँट चढवली. २१ मे २००९ रोजी हत्तीगोट्याच्या चकमकीत सोळा पोलीस मारले गेले, त्यांत पाच महिला होत्या.

दलमांना उत्तर म्हणून १९९० मध्ये तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी साठ जणांचे एक पथक उभारले. त्याचे नाव सी-६०, आकड्यावरूनच पडलेले. हे सर्व जवान जिल्ह्यातलेच, बहुसंख्य आदिवासी. गोंडी, माडिया, मराठी बोलणारे. त्यांच्या तुकड्यांना आकडे नसतात, ‘पार्टी’ म्हणतात, आणि पार्टी कमांडरच्या नावाने ओळखली जाते. इथे पुन्हा ओळख नावाने, मोलमपल्ली-अहेरीसारखी. हजारीबाग, कांकेर, मानेसर अशा ठिकाणी त्यांना जंगलयुद्धाचे शिक्षण मिळाले. आणि त्यांच्या अंगावर खाकी राहिली नाही, हिरवी आली. डोक्याला काळे फडके. भुसुरुंगांमुळे गाडीतून जाणे म्हणजे मरण ओढवून घेणे, म्हणून त्यांनी पायी चालायचे. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळ पंधरा पोलीस आणि त्यांचा चालक मारले गेले ते वाहनातच. आधुनिक सैन्यातून जवळजवळ नाहीसे झालेले जुन्या अर्थाचे पायदळ गडचिरोलीच्या रानात असे दोन्ही बाजूंनी पुन्हा चालू लागले : एका रांगेत, अंतर ठेवून, पाठीवर आठवड्याचे ओझे घेऊन.

रंग एक झाला. बंदुका एक झाल्या, कारण एकाच्या लुटून दुसऱ्याने घेतल्या होत्या. भाषा एक होतीच. दोन्हीकडच्या मृतांच्या याद्या समोर ठेवल्या तर आत्राम, मडावी, उसेंडी, नरोटे, वड्डे ही आडनावे दोन्हींत येतात. स्मारकावर ‘शहीद’ हा शब्दही दोघांनी वापरला. एकाने तो जुलैअखेरच्या सप्ताहात लाकडी-सिमेंटच्या खांबावर लिहिला, दुसऱ्याने मुख्यालयातल्या दगडावर. युद्धाचा रूढ संकेत असा, की लढणाऱ्याने लांबून ओळखू येईल असे निश्चित चिन्ह धारण करावे आणि शस्त्र उघड बाळगावे. १८९९ च्या हेग नियमांत तो कलमबद्ध झाला. त्यामागचा हेतू सैनिकाचे रक्षण हा दुय्यम. मुख्य हेतू, जो सैनिक नाही तो वाचावा. तो संकेत गडचिरोलीत नुसता मोडला नाही, निरर्थक झाला. रात्री दारात पाच हिरवे आकार उभे राहिले आणि गोंडीत भात मागू लागले, तर घरधन्याने त्यांना ओळखायचे कशावरून? बुटावरून? दलमवाल्यांच्या पायांत पुष्कळदा कापडी बूट किंवा चपला. काळ्या फडक्यावरून? अंधारात ते दिसत नाही. चूक झाली तर भात वाढणे हाच गुन्हा ठरे. सकाळी दुसरे हिरवे येत आणि विचारत, रात्री कोण जेवून गेले.

इथे ‘वर्दी’चा पहिला अर्थ परत येतो. पोलिसांना खबर दिल्याच्या संशयावरून दलमांनी जिल्ह्यात शेकडो लोक मारले. पोलीस पाटील, सरपंच, शिक्षक, कोतवाल, नुसता तालुक्याला वारंवार जाणारा तरुण. प्रेतावर चिठ्ठी असे, तीवर ‘खबऱ्या’ हा शब्द. ज्याच्या अंगावर कसलीच वर्दी नाही, ज्याने वर्दी दिली हेही सिद्ध झालेले नाही, त्याचा न्याय वर्दीवाल्यांनी केला. विलास मनोहर यांनी, जे स्वतः हेमलकशाचे कार्यकर्ते, आपल्या कादंबरीला ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ असे नाव दिले. वर्दी देणाऱ्याच्या मरणाची कादंबरी मराठीत अजून लिहायची राहिली आहे असे मला वाटते.

दुसऱ्या बाजूनेही हा प्रश्न सुटत नाही. २२ एप्रिल २०१८ रोजी भामरागड तालुक्यात इंद्रावतीकाठी बोरिया-कसनासूरजवळ मोठी चकमक झाली. अनेक मृतदेह मोजले गेले. त्यानंतर एटापल्ली तालुक्यातल्या गट्टेपल्लीचे गावकरी पुढे आले. आमची आठ मुले कसनासूरला लग्नाला निघाली होती, ती परतली नाहीत, असे त्यांचे म्हणणे. ती मुले नुकतीच दलमात सामील झाली होती, असे पोलिसांचे. ओळख पटवायला डी.एन.ए. चाचणीपर्यंत जावे लागले. दलमात नव्याने गेलेल्याच्या अंगावर वर्दी असेलच असे नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या वादाची अडचण कळते. लग्नाचे कपडे आणि भरतीच्या पहिल्या आठवड्यातले कपडे यांत फरक तो काय? माझे मत विचाराल तर, जिथे मृताच्या घरच्यांना मुलाची बाजू सिद्ध करण्यासाठी त्याने काय घातले होते हे सांगावे लागते, तिथे युद्ध आधीच फार लांब गेलेले असते.

आणखी एका गणवेशाचा उल्लेख करायला हवा. या जिल्ह्यातल्या बहुतेक आदिवासी मुलांना अंगभर शिवलेला कपडा पहिल्यांदा मिळतो तो आश्रमशाळेत, सरकारकडून. पुढे शाळा सुटते, बहुधा दहावीच्या आसपास. मग गावात दोन प्रकारची माणसे येत, आणि दोघेही हिरवा कपडा, दोन वेळचे जेवण आणि एक बंदूक देऊ करत. एकाकडे पगार होता, दुसऱ्याकडे नव्हता. कोण कोणीकडे गेला हे कित्येकदा कोण आधी आले यावर ठरले.

१५ ऑक्टोबर २०२५ ला गडचिरोलीत मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे खाली ठेवली. त्याची पत्नी तारक्का त्याच वर्षीच्या १ जानेवारीला आली होती. या वेळी शस्त्रे चोपन्न होती, त्यांत सात ए.के.-४७ आणि नऊ इन्सास; भूपतीच्या हाती राज्यघटनेची प्रत देण्यात आली. शस्त्रांची यादी बातम्यांत नगांसह छापून आली. वर्द्यांची यादी कोणी केली नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने त्याची गरजही नव्हती. कापड जप्त करून ठेवायला मालखान्यात जागा नसते.

आत्मसमर्पण केलेल्यांपैकी काहींना चामोर्शी तालुक्यात कोनसरीच्या पोलाद प्रकल्पात काम मिळाले आहे. तिथेही पाळीवर जाताना ठरलेला पोशाख घालावा लागतो, आणि डोक्यावर शिरस्त्राण.